दावणीवरचं घराणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी पुतणी पुण्याला असते. गेल्या वर्षी तिनं पर्शियन मांजराचं एक पिल्लू विकत आणलं. दोन महिन्यांचं, मूठभर जीव, कापसाच्या बोंडासारखा. किंमत अठरा हजार रुपये. फोनवर तिनं आकडा सांगितला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या आईनं कपाळावर हात मारला. आमच्या मोहल्ल्यात मांजरीची पिल्लं कुणी नेतो म्हटलं तर लोक वर दूधही देतात. आई म्हणाली, ''अठरा हजारमें तो खिलारकी जोडी आती थी!''

मी पुतणीला विचारलं, बाई, एवढे पैसे कशाचे? तिनं सगळा हिशोब सांगितला. पिल्लाच्या आईबापांची, आजीआजोबांची नावं असलेला कागद मिळतो, त्याचे पैसे. नाक बसकं असलं तर त्याला 'पंच फेस' म्हणतात, त्याचे जास्त. साधं नाक म्हणजे 'डॉल फेस', त्याचे कमी. आईबापांची मूत्रपिंडाची तपासणी झालेली असली तर आणखी जास्त, कारण या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार वंशातून येतो. पुढं पिल्लं काढायची मुभा हवी असेल तर भाव वेगळा, नुसतं घरात खेळवायचं असेल तर वेगळा. पुतणीला वाटलं, चाचाला हे सगळं नवं असेल. खरं सांगायचं तर यातलं एकही मला नवं नव्हतं. मी नालबंदाचा मुलगा. हा सगळा हिशोब मी वयाच्या दहाव्या वर्षी पंढरपूरच्या कार्तिकीच्या बाजारात ऐकलेला आहे. फक्त तिथं मांजर नव्हतं, खिलारी खोंड होता.

आषाढी वारीचं नाव जगभर झालं. पण आमच्या घरचं वर्षाचं धान्य कार्तिकीवर भरायचं. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला पंढरपुरात जनावरांचा बाजार भरतो. अलीकडं तो वाखरीच्या पालखी तळावर भरतो. माणदेशातून, सांगोल्याकडून, जतकडून, भीमेपलीकडच्या कर्नाटकातून जनावरं यायची. उसाचा हंगाम तोंडावर असायचा, साखर कारखान्याला बैलगाड्या लागायच्या, त्यामुळं गिऱ्हाईकही दांडगं. इथून पुढं मग बाजारांची एक साखळीच असते. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराचा गड्डा, माघात चिंचलीला मायाक्का. जातिवंत जनावर कार्तिकीत विकलं गेलं नाही, तर मालक त्याला घेऊन देवामागून देव करत फिरायचा.

खिल्लार म्हणजे मुळात गुरांचा कळप. कळप राखून, निवडून, जनावर वाढवणाऱ्या लोकांनी ही जात घडवली म्हणून तिचंही नाव खिलार पडलं, असं सांगतात. म्हैसूरच्या हळ्ळीकार जनावराशी तिचं नातं आहे, असं जाणकारांचं मत आहे. आटपाडी महाल, म्हसवड, नकली, तापी असे तिचे प्रकार सांगितले जातात. यातला आटपाडी महाल हा जुन्या औंध संस्थानचा भाग. जमीन मुरमाड, पाऊस जेमतेम. ओल्या, चिखलाच्या मुलखात जनावराचं खूर मऊ पडतं. माणदेशात ते दगडावर घासून घासून काळं, घट्ट होतं. खिलाराचं मोल या दुष्काळानं घडवलेलं आहे, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या मातीत ज्वारी धड पिकत नाही, त्या मातीनं बैल पिकवला.

आता या बैलाची किंमत ठरायची कशी?

पहिला मान दातांचा. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडले नाहीत तोवर 'आदत'. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की दोन पक्के दात येतात, तो 'दुसा'. मग चौसा, सहादाती आणि शेवटी आठही दात आले की 'जुळला' म्हणतात. दुसा-चौसा हा भावाचा ऐन बहर, कारण शिकवायला कोवळा आणि कामाला पुरता. बकरी ईदला आम्ही बकऱ्याचेही आधी दातच बघतो. दात हा जनावराचा जन्मदाखला आणि तो तोंडातच असतो, हरवत नाही. खोटा मात्र करता येतो. कानस लावून दात घासणारे महाभाग बाजारात असायचेच.

मग शिंगं. मागं झुकून वर गेलेली, टोकाला निमुळती, दोन्ही सारखी. शिंगांत फरक असला की जोडीत भाव पडतो, कारण बैल एकटा विकला जात नाही, त्याला जोडीदार शोधावा लागतो. मग चेहरा. लांबट, अरुंद, कपाळाच्या मधोमध एक खोलगट रेघ. मग रंग. पांढरा, कोसा, काजळी. मानेवर आणि वशिंडावर काळसर झाक असलेला खोंड पुढं कसा निघेल यावर म्हातारे लोक तासन्‌तास वाद घालायचे. मग भोवरे आणि गोमा. अंगावरचा केस कुठं उलटा वळलाय, यावरून मालकाला लाभ की नुकसान हे ठरायचं. 'खरी गोम इथंच आहे' असं आपण बोलताना सहज म्हणून जातो, त्यामागं कुणीतरी बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा असावा, असं मला आपलं वाटतं. एका गोमेपायी शंभर-दोनशे रुपये तुटलेले मी पाहिलेत. चांगल्या जनावरात खोट नसली की गिऱ्हाईक गोम शोधतं.

आणि मग खूर. इथं माझे अब्बा यायचे.

बैलाच्या पायाला दोन खुरं. म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. बैलाला दोरानं अलगद आडवं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासून सपाट करायचं आणि मग पत्री ठोकायची. खिळा नखातून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. एक सूत आत गेला तर बैल लंगडा. अब्बांचा हातोडा नखाला लागला की आवाजावरून त्यांना आतलं कळायचं. घट्ट नखाचा आवाज वेगळा, आतून किडलेल्या नखाचा वेगळा. म्हणून सौदा पक्का करण्याआधी लोक त्यांना बोलवायचे. ''मिस्त्री, जरा पाय बघा.'' चार आणे, आठ आणे द्यायचे. त्या आठ आण्यांवर कधी हजाराचा सौदा टिकायचा, कधी मोडायचा.

सौद्याची रीतही सांगण्यासारखी आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरायची, दाबायची. वरून दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारताहेत आणि खाली हजार-पाचशेची ओढाताण चालू आहे. भोवतीच्या पन्नास माणसांना काही कळत नाही. लहानपणी मला हे फार गूढ वाटायचं. पुढं कळलं की यात शहाणपण आहे. भाव जाहीर झाला की उद्या त्याच जनावराला परवाचा भाव चिकटतो. गुपित राहिला की प्रत्येक गिऱ्हाईकाशी नवा खेळ मांडता येतो.

पण यापेक्षा मोठी किंमत एका गोष्टीला होती, ती डोळ्यांना दिसत नसे. खोंड कुणाच्या दावणीचा? आई कोणती, वळू कोणता? खिलारी गाय दूध फारसं देत नाही. देते त्यातलं बरंचसं वासरूच पितं. तिला पोसायचं ते खोंडासाठी. म्हणून गायीची किंमत तिच्या पुढच्या वेतांत असते. याच्या अगदी उलट आमची पंढरपुरी म्हैस. खांद्यामागं जाणारी तलवारीसारखी शिंगं पाहून परगावचा माणूस थबकतो. पण गवळी शिंगं बघत नाही, कास बघतो. कोल्हापुरात याच म्हशी उभ्या करून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. तिथं वंश-घराणं सगळं चरवीत दिसतं. सकाळ-संध्याकाळ माप घ्या, भाव ठरवा. खोंडाचं तसं नाही. तो पुढं कसा होईल हे आज कुणीच मोजू शकत नाही. आज विकत घ्यायचं ते एक वचन असतं.

वचनाची खात्री कशी करायची, हा प्रश्न फक्त पंढरपूरचा नाही. इंग्लंडात १८१० साली डरहॅम परगण्यातल्या केटन इथं चार्ल्स कॉलिंग नावाच्या पशुपालकानं आपल्या शॉर्टहॉर्न गुरांचा लिलाव केला. त्यात 'कॉमेट' नावाचा वळू हजार गिनींना गेला. त्या काळात हा आकडा ऐकून लोक अवाक झाले. कॉमेटचा बाप फेव्हरिट हाच त्याच्या आईचाही बाप होता. गुण टिकावेत म्हणून नात्यातच संकर करायचा, हा त्यांचा मार्ग. त्याचे तोटे पुढं अनेक जातींनी भोगले. पर्शियन मांजराचं बसकं नाक आणि त्याला लागणारी धाप हे त्याच वाटेवरचं फळ आहे. पण भाव चढला तसे नकली वंशज बाजारात आले आणि मग १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स यानं शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळीची वही छापली. शर्यतीच्या घोड्यांची वही त्याआधीच, १७९१ मध्ये निघालेली होती. मांजरांची पाळी उशिरा आली. १८७१ च्या जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर यानं मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि घरोघरी उंदीर धरणारा हा प्राणी एकदम खानदानी झाला. पुतणीच्या हातातला कागद त्या प्रदर्शनाच्या वंशातला आहे म्हणा ना.

कागदानं काय होतं? विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं. आमच्याकडं कागद नव्हता. आमच्याकडं माणूस होता. 'अमक्याच्या दावणीचा' एवढे शब्द म्हणजे वंशावळ. ते शब्द खरे की खोटे हे सांगणारा एखादा धनगर, एखादा म्हातारा हेडी आणि पायापुरतं बोलणारा माझा बाप. यातला एक जरी गप्प बसला तर सगळी वही कोरी.

एकदा अब्बा गप्प बसले होते. ही गोष्ट मी आजवर कुठं सांगितलेली नाही.

साल १९८२ असावं. मी बारा वर्षांचा, खिळ्यांचा डबा धरून त्यांच्यामागं. एक खोंड होता, दुसा, शुभ्र, काजळ घातल्यासारखे डोळे. विकणारा मालक अब्बांचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या दहा-बारा बैलांच्या पत्र्या वर्षानुवर्षं आमच्याकडं. घेणारा इंडीकडचा एक लिंगायत शेतकरी, मोडकंतोडकं मराठी बोलणारा. त्यानं अब्बांना पाय बघायला बोलावलं. अब्बांनी पुढचा डावा पाय उचलला, हातोडीनं टक केलं. मला आवाज ऐकू आला. बारा वर्षांच्या मुलालाही तो कळला. अब्बांनी मालकाकडं बघितलं, मालकानं अब्बांकडं. अब्बा म्हणाले, ''पाय ठीक हाय.'' उपरण्याखाली बोटं फिरली आणि खोंड साडेचार हजाराला गेला. बरोबरीच्या जनावरांत त्या दिवशीचा तो वरचा भाव होता.

रात्री घरी अब्बा जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय.

पुढच्या कार्तिकीला तो शेतकरी पुन्हा आला. भांडला नाही, आरडाओरडा नाही. आमच्या ठोकणीच्या जागेसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ''मिस्त्री, तुम्ही बघितला होता ना हो?'' एवढंच. खोंड होळीपर्यंत लंगडायला लागला होता, गाडीचं ओझं त्याला ओढवेना. अब्बांनी त्याची नवी जोडी पाडली, सोळाच्या सोळा पत्र्या ठोकल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्यानं ठेवलेली नोट त्यांनी त्याच्या कोपरीच्या खिशात परत घातली. त्यानंतर अब्बा पायाबद्दल खोटं बोलले नाहीत. जुन्या मालकानं त्याच वर्षी दुसरा नालबंद धरला. आमच्या घरात त्या हिवाळ्यात कडधान्य कमी शिजलं, हे मला चांगलं आठवतं. तो शेतकरी मात्र अब्बा हयात असेपर्यंत दर कार्तिकीला यायचा आणि गावातली आणखी चार माणसं घेऊन यायचा. त्या साडेचार हजारांतले किती रुपये खोंडाचे आणि किती माझ्या बापाच्या तीन शब्दांचे, हा हिशोब मी अधूनमधून मांडून बघतो. जमत नाही.

त्यानंतर बाजार बदलत गेला. ट्रॅक्टर आला, डांबरी सडक आली, बैलगाडीला रबरी टायर आले. ओढायला बैल लागेनासा झाला तसा खिलाराचा भाव शर्यतीवर टेकला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. खोंडांची मागणी घटली. ज्यांनी चार-चार पिढ्या वळू राखले त्यांच्या दावणी मोकळ्या झाल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलून पाहिला, तोही न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती कायम केली. भाव पुन्हा चढला. असा चढला, की पळणाऱ्या खोंडाबद्दल लोक लाखांच्या भाषेत बोलू लागले. खोंड तोच, रक्त तेच. दिल्लीतल्या एका आदेशानं तो कवडीमोल होतो आणि दुसऱ्यानं सोन्याचा.

दरम्यान आणखी एक गोष्ट झाली आणि ती भावाच्या दुसऱ्या टोकाला झाली. १९७६ च्या कायद्यानं राज्यात गोहत्येला बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हैस त्यातून वगळलेली आहे. मी मुसलमान, त्यामुळं या विषयावर बोललो की लोक माझ्या नावाकडं आधी बघतात. म्हणून फक्त दावणीचा हिशोब सांगतो. शेतकरी खोंड घेतो तेव्हा त्याच्या मनात दोन किमती असतात. आज द्यायची आणि म्हातारपणी परत येणारी. दुसरी शून्य झाली, वर कडब्याचा खर्च आला, की पहिलीही खाली ओढली जाते. जातिवंत, पळणारा खोंड असेल तर फरक पडत नाही. मार खातो तो मध्यम जनावराचा मालक, ज्याच्याकडं ना चषक आहे ना ट्रॅक्टर. बैलाच्या प्रेमावर भाषणं देणाऱ्यांनी एका उन्हाळ्याचा कडबा विकत घेऊन बघावा.

मग २०२० मध्ये करोनानं कार्तिकी यात्राच भरू दिली नाही. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळं राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्याच २०२० च्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली होती. आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगितले. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून या मेंढीला नाव पडलं. राघूच्या चोचीसारखं वळलेलं नाक ही तिची खूण. जितकं नाक बाकदार, तितका भाव. पुतणीच्या मांजराचं नाक जितकं बसकं, तितका भाव. पुण्यात नाक आत गेलं पाहिजे, माणदेशात बाहेर आलं पाहिजे. पैसा दोन्हीकडं नाकाचाच.

अलीकडच्या एका कार्तिकीत मी वाखरीच्या तळावर गेलो होतो. एका तरुणानं आदत खोंड उभा केला होता. गळ्यात घुंगरांची माळ, शिंगांना पितळी शेंब्या, पाठीवर नक्षीची झूल. भाव विचारला तर त्यानं आधी मोबाईल काढला. त्यात खोंडाच्या बापाची चित्रफीत, शर्यतीत पळताना, मागं धूळ आणि आरोळ्या. ''बाप बघा,'' तो म्हणाला. ''लोकं याच्या पोरासाठी नंबर लावत्यात.'' मी विचारलं, हा त्याचाच मुलगा कशावरून? त्यानं गाय भरवल्याची तारीख सांगितली, मालकाचं नाव सांगितलं, दुसरी एक चित्रफीत दाखवली. उपरणं कुणाच्याच खांद्यावर नव्हतं. भाव त्यानं तोंडानं, चारचौघांत, खणखणीत सांगितला.

खोंड देखणा होता, यात वाद नाही. सवयीनं मी खाली वाकलो, पुढचा डावा पाय हातात घेतला आणि बोटाच्या पेरानं खुरावर टकटक केलं. भोवती डीजे चालू होता. काही ऐकू येईना.

''चाचा, पायात काय बघताय?'' तो पोरगा हसून म्हणाला. ''व्हिडिओ बघा की.''